मालकी आणि परवानगी

वस्तू विकत घेतली की ती आपली झाली, असे ग्राहक गृहीत धरतो. १९९८ साली अमेरिकेत सर्किट सिटी या विक्रेत्या कंपनीने आणलेल्या ‘डिव्हएक्स’ योजनेने या गृहीतकालाच धक्का दिला. सुमारे साडेचार डॉलरला चित्रपटाची तबकडी मिळे; प्रथम लावल्यापासून ती ४८ तास पाहता येई. पुढे पाहायची तर नवे शुल्क पडे. त्याचा हिशेब यंत्र स्वतः ठेवी आणि ठरावीक काळाने दूरध्वनीच्या तारेवरून कंपनीच्या संगणकाला कळवी.

तबकडी परत करण्याची यातायात यात वाचत होती. तरीही ग्राहक साशंक राहिले. आपण काय पाहतो याची नोंद दुसऱ्याने का ठेवावी? कंपनीने सेवा थांबवली तर तबकडीचे काय? साध्या डीव्हीडीला असे कोणतेच बंधन नव्हते.

जून १९९९ मध्ये योजना गुंडाळली गेली. २००१ मध्ये संगणकसेवाही बंद झाली आणि उरलेल्या तबकड्या निरुपयोगी ठरल्या. ग्राहकांची शंका अशी खरी झाली. ज्या वस्तूच्या वापराला दर वेळी दुसऱ्याची संमती लागते, तिची किंमत मोजूनही आपल्या हाती केवळ परवानगीच येते.