गुळवेलीचा काढा आणि पिवळे डोळे

"कुठलं औषध चालू आहे?" या प्रश्नाला बाईंचं उत्तर, "थायरॉइडची गोळी. बाकी काही नाही." वय पन्नाशीच्या आत, डोळे हळदीसारखे पिवळे, एसजीपीटी हजाराच्या घरात. विषाणूंमुळे होणाऱ्या काविळीच्या सगळ्या तपासण्या निगेटिव्ह. शेवटी सोबतची सून म्हणाली, "आई, काढ्याचं सांगा की!" दोन महिने रोज सकाळी कुंपणावरच्या गुळवेलीचा काढा चालला होता. त्यांच्या लेखी ते औषध नव्हतंच.

असे रुग्ण नवे नाहीत. कोरोनाच्या पहिल्या वर्षात, सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईतल्या यकृततज्ज्ञांना असे सहा रुग्ण दिसले. २०२१ मध्ये त्यांचा शोधनिबंध आला. वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. मुद्दा अगदीच फोल नव्हता. टिनोस्पोरा क्रिस्पा ही गुळवेलीची सख्खी बहीण, खोडावर ठळक गाठी असलेली, आणि ती यकृताला घातक ठरल्याच्या नोंदी आहेत. पण पुढे २०२२ मध्ये देशातल्या अनेक केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांची माहिती मांडली. काढा सुरू केल्यापासून साधारण दीड महिन्याने त्रास सुरू झालेला. अनेकांना थायरॉइड किंवा मधुमेह होता. यकृताचा आजार आधीपासून दबा धरून असलेलेही बरेच होते.

हे का होतं? "प्रतिकारशक्ती वाढवा" म्हणताना आपण ती गाडीच्या टाकीसारखी समजतो, जितकी भरू तितकी बरी. प्रत्यक्षात शरीराला तिला आवरूनही धरावं लागतं. हा आवर ज्यांच्यात मुळातच सैल असतो, त्यांच्या पेशी स्वतःच्याच यकृतावर उलटतात. थायरॉइडचे बरेचसे आजारही याच जातीचे. गुळवेल अशांना डिवचत असावी.

आता गंमत पाहा. याच मुंबईत, केईएम रुग्णालयात, डॉ. शरदिनी डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी गुळवेल दिली ती काविळीच्याच रुग्णांना! पित्तनलिका अडून झालेल्या काविळीचे ३० रुग्ण. नेहमीच्या उपचारांवर असलेल्या गटात निम्म्यांच्या रक्तात जंतुसंसर्ग पसरला, गुळवेलही दिलेल्या गटात एकाच्याही नाही. हा निबंध १९९३ चा. रुग्ण थोडे, तरी काम मोलाचं. पण तिथे मात्रा वजनावर मोजलेली होती, मुदत ठरलेली होती आणि रुग्ण डॉक्टरांच्या नजरेसमोर होते. कुंपणावरची वेल मूठभर तोडून महिनोन्‌महिने उकळणं ही वेगळीच गोष्ट.

तेव्हा थायरॉइड, संधिवात, सोरायसिस, यकृताचा आजार किंवा मधुमेह असेल, तर विचारल्याशिवाय घेऊ नका. घेत असाल आणि लघवी गडद झाली, अन्नावरची वासना उडाली, तर काढा त्याच दिवशी बंद करून रक्त तपासून घ्या. आणि डॉक्टरांनी औषधं विचारली की काढा, चूर्ण, रस, सगळं सांगा.

काढा थांबवल्यावर बाईंची कावीळ सहा आठवड्यांत उतरली. परवा विचारत होत्या, वेल उपटून टाकू का? राहू द्या म्हटलं. कुंपणाला शोभते.