शिरोरेषेवरची सुरी

वाशिम–पुसद रस्त्यावर अनसिंगच्या आसपास ट्रॅक्टरच्या मागे ‘आई-बाबांचा आशीर्वाद’ दिसतोच. ही रेडियमची अक्षरं प्लॉटर नावाचं यंत्र कापतं. कटिंगच्या विनाइलचा थर साधारण ०.०८ मिलिमीटर, खाली गुळगुळीत कागद. पात्यानं विनाइल आरपार कापायचं, कागदाला मात्र नुसता ओरखडा. म्हणून पातं किती बाहेर काढायचं आणि दाब किती द्यायचा, हे आधी कोपऱ्यात छोटा चौकोन कापून बघतात.

पात्याचं टोक बरोबर मध्यावर नसतं. अक्षापासून पाव मिलिमीटरच्या आसपास सरकलेलं असतं. त्यामुळे स्ट्रेचरच्या चाकासारखं ते ओढलं जातं नि वळणावर आपसूक फिरतं. हे अंतर यंत्राला चुकीचं सांगितलं, की चौकोनाचे कोपरे गोलावतात किंवा जुळतच नाहीत.

खरी गंमत मराठीची. इंग्रजी अक्षरं सुटी असतात. आपली शिरोरेषेनं जोडलेली. संगणकात प्रत्येक अक्षराची बाह्यरेषा वेगळी असते आणि त्या एकमेकींवर चढलेल्या असतात. फाइल तशीच पाठवली, तर सुरी दोन्ही रेषा इमानेइतबारे कापते आणि शिरोरेषेचे तुकडे पडतात. कोरलड्रॉमध्ये ‘वेल्ड’ करून सगळ्यांची एकच कड करावी लागते. मात्रा, वेलांटी, रफार सगळं त्यात आलं. अनुस्वाराचं टिंब सुटंच राहतं. नको तो भाग सोलताना पहिलं तेच निसटतं.

उरलेलं सोपं: वरून चिकटपट्टी लावून अक्षरं उचलायची, पत्रा धूळमुक्त करून दाबून बसवायची. नंबरप्लेटवर मात्र ही कला चालत नाही. तिथं वाशिमचं ‘एमएच ३७’ नियमातल्याच अक्षरांत हवं.