वाघ आल्याचं आधी कोण सांगतं?

दोस्तांनो, ताडोबाच्या मोहर्ली गेटातून जिप्सी आत शिरली, की सगळ्यांचे डोळे भिरभिरायला लागतात. कुठे आहे वाघ? त्या झुडपामागे की त्या बांबूच्या बेटात? गाइडदादा मात्र निवांत बसलेले असतात. मध्येच ते चालकाला म्हणतात, "भाऊ, गाडी बंद कर जरा." इंजिन थांबतं. सगळे माना उंच करून बघायला लागतात आणि गाइडदादा चक्क मान खाली घालतात! कारण ते बघत नसतात, कान देऊन ऐकत असतात.

चंद्रपूर जिल्ह्यातलं ताडोबा हे महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं राष्ट्रीय उद्यान. ते १९५५ साली झालं. शेजारचं अंधारी अभयारण्य धरून व्याघ्र प्रकल्पाचा गाभा भरतो सुमारे ६२५ चौरस किलोमीटर. साग, ऐन, मोह, तेंदू आणि जिकडे तिकडे बांबू. एवढ्या रानात नुसत्या डोळ्यांनी वाघ कसा शोधणार? बांबूच्या पानांतून ऊन खाली उतरलं, की जमिनीवर उन्हासावलीचे पट्टे पडतात, आणि त्यात आपले पट्टे मिसळून वाघ बसला, की अगदी जवळचाही दिसत नाही.

पण थांबा. तो लपू शकतो, पण सगळ्यांपासून नाही. जरा वर बघा. झाडाच्या शेंड्यावर काळ्या तोंडाचं वानर बसलंय. खाली चितळांचा कळप चरतोय. वानरं पाला खाताना बराचसा खाली सांडतात आणि चितळं तो आयता खातात. या जोडीची खरी गंमत मात्र खाण्यात नाही, डोळ्यांत आहे.

आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात. वानरांच्या डोळ्यांतही तीनच. म्हणून आपल्यासारखाच त्यांनाही वाघ केशरी दिसतो. हरणांच्या डोळ्यांत मात्र अशा पेशी दोनच प्रकारच्या. केशरी आणि हिरवा हे रंग त्यांना नीट वेगळे करता येत नाहीत. म्हणजे आपल्याला झगमगीत वाटणारा वाघ चितळाला गवतापानांच्याच रंगाचा दिसतो! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्याचाच विचार करत होतो. केवढं मोठं जनावर, आणि ज्यांची शिकार करायची त्यांच्यासाठी जवळजवळ हिरवं!

म्हणून चितळाची मदार नाकावर आणि कानावर. वाऱ्यावर वास आला, वाळका पाला चुरचुरला, की ते ताठ होतं, शेपटी उभी करतं आणि पुढचा पाय जमिनीवर आपटतं. मग तीक्ष्ण आवाजात ओरडतं. उंचावरच्या वानराला केशरी रंग दिसला, की ते खॅक-खॅक-खॅक असं खाकरत सुटतं. एकाचं नाक, दुसऱ्याचे डोळे, आणि इशारा दोघांच्याही कामाचा.

आता तुम्ही विचाराल, वाघ जवळ असताना ओरडायचं कशाला? गुपचूप पळून का नाही जायचं? तर वाघ लांबवर पाठलाग करणारा शिकारी नाही. तो दबा धरतो, अगदी जवळ येतो आणि मग झेप घेतो. एकदा तो दिसला, की त्याचा डावच फसला. त्यामुळे ती हाक जशी सोबत्यांसाठी असते, तशी वाघासाठीही असते: बघितलं बरं का तुला! पुष्कळदा वाघ मग उठतो आणि सरळ चालू लागतो.

या हाकेला गाइड लोक 'कॉल' म्हणतात. "कॉल चालू आहे," एवढं म्हटलं, की जिप्सीतले सगळे श्वास रोखून बसतात. पण प्रत्येक कॉल सारखा भरवशाचा नसतो बरं. चितळं जरा घाबरट, ती कधी कधी उगाचच दचकून ओरडतात. सांबराचं तसं नाही. त्याने घोगऱ्या आवाजात 'ढाँक!' असा एक जरी आवाज काढला, तरी गाइडदादा सरसावून बसतात. बिबट्या किंवा रानकुत्री दिसली तरी कॉल होतातच. मग आवाज कुणाचा, कुठून आला, पुढे सरकतोय का, एवढं सगळं जुळवून दादा चालकाला सांगतात, "पाणवठ्याकडे घे." बरेचसे गाइड आसपासच्या गावांतलेच. लहानपणापासून हे रान ऐकतच ते मोठे झालेत. माझ्या मते सफारीत वाघाइतकंच त्यांच्याकडे बघण्यासारखं असतं.

पाखरंही यात मागे नाहीत. मोर केकाटतो. शेपटीला दोन लांब तारा आणि टोकाला पिसांचे झुपके असलेला भृंगराज तर पक्का नकलाकार. तो इतर पक्ष्यांचे आवाज हुबेहूब काढतो, त्यामुळे नवशिक्या पक्षीनिरीक्षकाची चांगलीच फसगत होते. आणि पावसाच्या तोंडावर येतो नवरंग. हिरवा, निळा, पिवळसर, पोटाखाली लालभडक. पालापाचोळ्यात खाली उतरला, की एवढे रंग असूनही सापडत नाही, पण पहाटे त्याची दोन सुरांची शीळ घुमते आणि पत्ता लागतो. पावसाळ्यात १ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंत गाभ्यातली सफारी बंद असते, म्हणून नवरंगासाठी येणारे पक्षीवेडे जूनचा उकाडा सोसून येतात.

ताडोबाला जाल तेव्हा मंगळवार टाळा, त्या दिवशी गाभ्यातली सफारी बंद असते. मातकट किंवा हिरवे कपडे घाला. जिप्सीतून खाली उतरायचं नाही, आरडाओरडा तर मुळीच नाही. तुम्ही बोलत राहिलात तर कॉल गाइडदादांनाही ऐकू येणार नाही.

आणि ताडोबा लांब असेल तर आजच सुरुवात करा. अंगणात किंवा सोसायटीच्या बागेत मांजर आलं, की खार शेपटी झटकत चिकचिक करत सुटते, साळुंक्या कर्कश ओरडतात, कावळे गोळा होतात. हेही कॉलच! एक वही करा. कोण ओरडलं, किती वाजता, आणि कुणाला बघून, ते लिहा. आठवड्याभराने आम्हाला पत्र पाठवा. तुमच्या बागेतला 'वाघ' कोण निघाला, ते आम्हालाही कळू द्या.