चंचुपात्रावरची रेघ

शालेय प्रयोगशाळेतील चंचुपात्रावर, म्हणजे काठाला ओतण्यापुरती चोच असलेल्या रुंद काचपात्रावर, मिलिलीटरच्या रेघा छापलेल्या असल्या तरी त्या अंदाजापुरत्याच असतात; बहुतेक पात्रांवर त्या पाच टक्के कमी-अधिक धरलेल्या असतात, आणि अनेकदा तसे बारीक अक्षरांत छापलेले असूनही ते सहसा कोणी वाचत नाही.

सहावीच्या एका वर्गात बाईंनी तासाची सुरुवातच या पाच टक्क्यांपासून केली. 250 मिलिलीटरचे पाच टक्के म्हणजे साडेबारा मिलिलीटर, अर्थात औषधाच्या पाच मिलिलीटरच्या चमच्याने अडीच चमचे, हा हिशेब मुलांनी फळ्यावर मांडल्याशिवाय पाण्याची बादली वर्गात आलीच नाही. दोष मुख्यतः रुंदीचा आहे: सात सेंटिमीटर व्यासाच्या चंचुपात्रात पातळी एका मिलिमीटरने चुकली, तर जवळजवळ चार मिलिलीटरचा फरक पडतो, तर 100 मिलिलीटरच्या अरुंद, उभट मोजपात्रात तेवढ्याच चुकीने फरक पडतो तो अर्ध्या मिलिलीटरच्या आसपास. पाठ्यपुस्तकातील ठळक रेघांचे चित्र पाहून उत्तर लिहिणाऱ्या मुलाला हे कळण्याचा मार्ग नाही.

त्यानंतर चंचुपात्रात 100 च्या रेघेपर्यंत पाणी भरून ते मोजपात्रात ओतण्यात आले. काचेच्या मोजपात्रात पाणी कडेला किंचित वर चढते, त्यामुळे पृष्ठभागाला जो खोलगट बाक येतो, त्याच्या तळाशी नजर समपातळीत ठेवून वाचन घ्यावे लागते. वरून पाहिल्यास आकडा प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतो. उभी असलेली मुले पात्रच डोळ्यांपर्यंत उचलू लागली, की हातात ते कलते आणि वाचन बिघडते, म्हणून बाई प्रत्येक बाकापाशी तेच बजावत होत्या: ‘पात्र उचलू नका, तुम्ही खाली बसा.’ अखेर अर्धा वर्ग फरशीवर उकिडवा बसला, आणि एरवी जी शिस्त बेशिस्त ठरली असती, तीच येथे मोजमापाची अट होती.

गटांची उत्तरे 97, 103 आणि 99 अशी आली व बाईंनी ती सर्व फळ्यावर तशीच राहू दिली. 91 लिहिणाऱ्या चौथ्या गटातील मुलीने ‘पाच टक्के, बाई’ असे ठामपणे सांगितले, तेव्हा तिला आधी 100 चे पाच टक्के काढायला आणि मग बाकाखाली पाहायला सांगण्यात आले.