शौचातील न दिसणारे रक्त : घरगुती तपासणीचा मागोवा

मोठ्या आतड्यातील गाठ अनेकदा वर्षानुवर्षे दुखत नाही. तिच्या नाजूक पृष्ठभागावरून घट्ट मल सरकतो तेव्हा मात्र थोडे रक्त झिरपते. निरोगी माणसाच्या आतड्यातूनही दिवसाला अर्धा ते दीड मिलिलिटर रक्त जातेच. शौच डांबरासारखे काळे व्हायला साधारण ५० ते १०० मिलिलिटर रक्त पोटात सांडावे लागते. या दोन आकड्यांमधले बरेचसे रक्त डोळ्यांना कळत नाही. त्यालाच सुप्त रक्त म्हणतात.

ते ओळखण्याची पहिली रीत झाडाच्या चिकापासून आली. कॅरिबियन बेटांवरील ग्वायकम वृक्षाचा राळेसारखा चीक (ग्वायक), ऑक्सिजन देणारे द्रव्य आणि रक्त एकत्र आले की निळा रंग उमटतो. नेदरलँड्समधील इझाक व्हान डीन यांनी १८६४ मध्ये अत्यल्प रक्त शोधण्यासाठी ही रीत मांडली. १९०१ मध्ये बर्लिनचे इस्मार बोआस यांनी शौचातील सुप्त रक्त आणि पचनमार्गाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला. पोटविकारांसाठी स्वतंत्र दवाखाना काढणाऱ्या या वैद्याला ज्यू असल्यामुळे जर्मनी सोडावी लागली. १९३८ मध्ये व्हिएन्ना नाझींच्या हाती गेल्यावर त्यांनी आयुष्य संपवले. त्यांची तपासणी मात्र टिकली.

पुढची साठेक वर्षे ती प्रयोगशाळेतच राहिली. १९६७ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्याचे डॉ. डेव्हिड ग्रीगर यांनी ती घरी नेली. काही दिवस मांस वर्ज्य करून चोथ्याचा आहार घ्यायचा, तीन दिवसांचे नमुने लाकडी काडीने ग्वायक लावलेल्या कागदावर पसरायचे आणि कागद दवाखान्यात पोचवायचा, एवढीच त्यांची रीत होती. कसलाही त्रास नसलेल्या माणसांतही तिच्यामुळे कर्करोग सापडले. तपासणीने जीव वाचतो का, याचे उत्तर मिळायला आणखी पाव शतक लागले. मिनेसोटातील ४६,५५१ जणांच्या अभ्यासात दरवर्षी तपासणी केलेल्या गटात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे मृत्यू ३३ टक्क्यांनी घटले. हा निष्कर्ष १९९३ मध्ये छापून आला. १९९६ मध्ये इंग्लंडमधील नॉटिंगहॅम आणि डेन्मार्कमधील फ्यून येथील अभ्यासांत, दोन वर्षांतून एकदा तपासूनही अनुक्रमे १५ आणि १८ टक्के घट दिसली.

ग्वायकच्या कागदाची खोड अशी की त्याला माणसाचे रक्त आणि मटणातले रक्त यांतला फरक कळत नाही. कच्चा मुळा, सलगम, फुलकोबी यांतील द्रव्येही त्याला फसवतात. उलट क जीवनसत्त्वाच्या गोळ्या खरे रक्त लपवू शकतात. भाकरीशी मुळा खाणाऱ्या मराठवाड्यात ही पथ्ये पाळून तीन दिवस नमुने घेणे जिकिरीचे आहे. नव्या पद्धतीने ही अडचण दूर केली. तिच्यातील प्रतिपिंडे फक्त मानवी हिमोग्लोबिनला चिकटतात, म्हणून आहाराचे पथ्य लागत नाही. जठरातले रक्त आतड्यातून जाताना पचते, त्यामुळे ही तपासणी मुख्यतः मोठ्या आतड्याविषयीच बोलते. जपानने १९९२ पासून ती देशभर लागू केली. इंग्लंडने २०१९ मध्ये ग्वायक सोडून ती स्वीकारली. तिचा कमकुवतपणा उष्णतेत आहे: नमुना तापला तर त्यातील हिमोग्लोबिन विघटते आणि रक्त असूनही नसल्यासारखे दिसते.

तपासणी खेड्यात न्यायची तर आधी रोगाची गणती हवी. बीड जिल्ह्याच्या परिसरात कर्करोगाची शिस्तशीर गणती सुरू झाली ती शेजारच्या बार्शीत. १९८७ मध्ये तेथील नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या आधारे देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी उभी राहिली. खेड्यात मृत्यूचे कारण कागदावर क्वचितच येते. म्हणून कार्यकर्ते गावोगाव फिरले, लक्षणे समजावून सांगितली आणि संशय वाटणाऱ्या माणसाला रुग्णालयापर्यंत आणले. गणती आणि जागृती एकाच खेपेत साधणारी ही रीत आजही अनुकरणीय आहे. त्याच जाळ्यावर १९९९ मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात ५२ ग्रामसमूहांतील १,३१,७४६ स्त्रियांचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा अभ्यास सुरू झाला. एचपीव्ही विषाणूच्या एकाच तपासणीने त्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हा त्याचा २००९ मधील निष्कर्ष जगभर धोरणे ठरवताना वापरला गेला. या भागातील ग्रामस्थ तपासणीला येत नाहीत, असे म्हणण्याला त्यानंतर आधार उरला नाही.

मोठ्या आतड्याच्या वाट्याला असे काम आले नाही. त्याचे एक कारण आकड्यांत आहे. राष्ट्रीय कर्करोग नोंदणीच्या २०२० च्या अहवालात उस्मानाबाद-बीड या एकत्रित क्षेत्रात सर्व प्रकारच्या कर्करोगांचे वयानुरूप प्रमाण पुरुषांत लाखामागे ३९.५ होते, देशातील नोंदणी क्षेत्रांत सर्वांत कमी. ऐझॉलमध्ये ते २६९.४ होते. स्त्रियांतही हेच क्षेत्र तळाशी होते. काही भाग खऱ्या अल्पप्रमाणाचा असेल, काही न झालेल्या निदानांचा. २०१६ च्या राष्ट्रीय चौकटीत तिशीपुढच्यांसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तिन्हींचीच तपासणी ठरली. रोग विरळ असला की होकारार्थी ठरलेल्या चाचण्यांतील बहुतेक कर्करोगाच्या नसतात, हे त्यामागचे गणित रास्त आहे. पण मुंबईच्या टाटा रुग्णालयातील ८०० रुग्णांच्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात सरासरी वय ४७ च्या आसपास निघाले. त्यामुळे पन्नाशीला तपासणी सुरू करण्याचा अनेक पाश्चात्त्य देशांचा नियम इथे जसाच्या तसा बसत नाही.

बालाघाटाच्या रांगेतील, भालचंद्र गणपतीचे लिंबागणेश हे बीड तालुक्यातील गाव. अशा गावात औषधाच्या दुकानातून किंवा ऑनलाइन मागवलेली या नव्या पद्धतीची पट्टी घरी वापरायची तर काही गोष्टी आधी माहीत हव्यात. नमुना पाण्यात पडण्याआधी कागदावर किंवा स्वच्छ डब्यात घ्यावा. मूळव्याधीचे रक्त पडत असताना आणि पाळीच्या दिवसांत चाचणी करू नये. रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्यांनी शौच काळे होते, ते रक्त नव्हे. अनवाणी शेतात वावरणाऱ्यांना होणारा अंकुशकृमी आतड्यातले रक्त शोषून पंडुरोग आणतो. त्यावर अल्बेंडाझोलची गोळी असते, पण त्यामुळे आतड्याची शंका आपोआप मिटत नाही. कंबरदुखीसाठी रोज घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी जठरातून होणारा स्राव या पट्टीला बहुधा दिसतच नाही. रक्त डोळ्यांनी दिसत असेल, शौचाची सवय बदलली असेल किंवा वजन घटत असेल, तर पट्टीच्या वाटेला न जाता थेट डॉक्टर गाठावा. पट्टीवर रक्त दाखवणारी रेघ न उमटणे म्हणजे रोग नसल्याचा दाखला नव्हे. रेघ उमटली तर पुन्हा पट्टी आणून खात्री करण्यात दिवस घालवू नयेत. पुढची पायरी कोलोनोस्कोपीची, म्हणजे दुर्बिणीतून मोठे आतडे पाहण्याची. ती गावात होत नाही. त्यासाठी अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय किंवा छत्रपती संभाजीनगर अशी वाट धरावी लागते. आदल्या दिवशी जुलाबाचे औषध पिऊन आतडे रिकामे करायचे, दुसऱ्या दिवशी सोबतीला एक माणूस न्यायचा, म्हणजे दोघांची मजुरी बुडते. तपासणीची खरी किंमत पट्टीच्या दरात नाही, इथे आहे.

बीडच्या अनेक कुटुंबांचे वर्ष ऊसतोडीने बांधलेले असते. दिवाळीच्या सुमाराला ऊस तोडणारी जोडपी, म्हणजे कोयते, मुकादमाबरोबर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळा तापू लागल्यावर परततात. फडावर चाचणी करणे दुरापास्त आहे. परतल्यावरच्या वैशाखी उन्हात पत्र्याच्या घरात ठेवलेली पट्टी आणि नमुना दोन्ही बिघडू शकतात. आषाढ-श्रावणात माणसे गावी असतात आणि हवा थंड असते. तेव्हा केलेल्या चाचणीत रेघ उमटलीच, तर अंबाजोगाईची फेरी करायला दिवाळीपर्यंत अवधी मिळतो.