एमआरआय : कधी लागतो, कधी लागत नाही आणि आत जाताना काय सांभाळायचं



२७ जानेवारी २०१८. मुंबईच्या नायर रुग्णालयात ३२ वर्षांचा एक तरुण नात्यातल्या रुग्णाबरोबर एमआरआयच्या खोलीपर्यंत गेला. रुग्णाचा ऑक्सिजन सिलिंडर त्याच्या हातात होता. मशीन बंद आहे, सिलिंडर आत आणा, असं त्याला सांगितल्याचं नातेवाईक नंतर म्हणाले. मशीनचं चुंबक चालूच होतं. त्याने सिलिंडर खेचला, सिलिंडरबरोबर तो तरुणही खेचला गेला आणि त्याचा जीव गेला. पोलिसांनी निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवला, सरकारने ५ लाखांची मदत जाहीर केली. पण घरातला माणूस गेला तो गेलाच.

त्याच्या जागी आपल्या वस्तीतलं कुणीही असू शकलं असतं. दवाखान्यात आपण सांगितलं ते उचलतो, विचारत नाही. म्हणून आज एमआरआयबद्दल.

हे मशीन करतं काय?

एमआरआयचं मशीन म्हणजे प्रचंड मोठं चुंबक. नेहमीच्या मशीनची ताकद १.५ टेस्ला, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३० हजार पट. आपल्या अंगातल्या पाण्यात हायड्रोजन असतो. चुंबक त्याच्या अणूंना एका दिशेत आणतं, रेडिओ लहरी त्यांना हलवतात आणि ते जागेवर परतताना जे संकेत देतात त्यांवरून संगणक चित्र तयार करतो. यात क्ष-किरण नसतात. हाडाआड लपलेला मेंदू, मणक्यातला मज्जारज्जू, दबलेली नस हे सगळं यात नीट दिसतं.

कधी लागतो?

मेंदू : फिट येऊ लागल्या, डोकेदुखी वाढतच चालली, दृष्टी गेली, तोल जाऊ लागला, तर डॉक्टर एमआरआय सांगतात. गाठ, मेंदूतला टीबी, जंताची गाठ त्यात कळते. फिट म्हणजे करणी नाही, तो मेंदूचा आजार आहे आणि त्याला औषध आहे.

लकवा मात्र वेगळा. तोंड वाकडं झालं, हात-पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं की तेल चोळत बसू नका. मी वॉर्डात असताना एका काकांना रात्रभर घरी मालीश करून सकाळी आणलं होतं. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, ती वेळ निघून गेली होती. लगेच १०८ ला फोन करा. तिथे बहुधा आधी सीटी स्कॅन करतात, कारण तो काही मिनिटांत होतो आणि रक्तस्राव आहे का ते सांगतो. ‘एमआरआयच करा’ असा हट्ट धरून वेळ घालवू नका.

पाठ आणि नसा : विडी वळणाऱ्या आणि यंत्रमागावर उभ्या राहणाऱ्या आपल्या माणसांची कंबर दुखतेच. बहुतेकांची सहा आठवड्यांत औषध आणि व्यायामाने कमी होते. चाळिशीनंतर कंबर न दुखणाऱ्या अनेकांच्याही एमआरआयमध्ये चकती थोडी सरकलेली दिसते. वस्तीतल्या एका मावशींनी बचत गटातून कर्ज काढून एमआरआय केला, रिपोर्टमधला तो शब्द वाचून घाबरल्या आणि महिनाभर कामावर गेल्या नाहीत. शेवटी व्यायामानेच बऱ्या झाल्या. कर्ज मात्र फेडावं लागलं.

पण पायातली ताकद जात असेल, लघवी-शौचावर ताबा राहत नसेल, बसायची जागा बधिर झाली असेल तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा. पाठदुखीबरोबर ताप असेल, वजन उतरत असेल तरी थांबू नका. मणक्याचाही टीबी होतो. तो वेळेत कळला तर अपंगत्व टळतं आणि टीबीची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

मधुमेहाने तळपायाची आग होते, मुंग्या येतात, ते एमआरआयमध्ये दिसत नाही, कारण त्या नसा फार बारीक असतात. त्यासाठी पायाची तपासणी, साखरेची तपासणी आणि गरज पडली तर नसांची विजेवरची तपासणी असते.

हृदय : छातीत दुखलं तर आधी ईसीजी, रक्ततपासणी, मग इको. हृदयाचा एमआरआय क्वचितच लागतो. स्नायूला सूज आहे का, झटक्यानंतर किती भाग जिवंत आहे, थॅलेसेमियाच्या मुलाच्या हृदयात लोह साठलंय का, अशा प्रश्नांसाठी.

आत जाण्याआधी

दिवे बंद दिसले, आवाज थांबला तरी चुंबक चालूच असतं, हे पक्कं लक्षात ठेवा. मंगळसूत्र, जोडवी, चमकी, केसातल्या पिना, चावी, मोबाईल बाहेर ठेवा. पेशंटबरोबर आत जाणाऱ्यानेही. सिलिंडर, व्हीलचेअर, स्ट्रेचर आत नेण्याचं काम आपलं नाही. कुणी सांगितलं तरी टेक्निशियनला विचारल्याशिवाय दार ओलांडू नका.

हृदयात पेसमेकर, मेंदूत क्लिप, कानात बसवलेलं यंत्र असेल तर आधीच सांगा. लेथ किंवा वेल्डिंगच्या कामात डोळ्यात लोखंडाचा कण गेला असेल, तर कितीही वर्षं झाली असली तरी सांगा. तांबी, हाडातला रॉड, हृदयातला स्टेंट यांची सहसा अडचण होत नाही, पण तेही सांगा. गरोदर असाल किंवा किडनीचा त्रास असेल, तर शिरेतून औषध देण्याआधी ते कळलं पाहिजे.

आत बोगद्यासारखं असतं, ठकठक मोठा आवाज होतो, २० ते ४५ मिनिटं हलायचं नसतं. कानात बोळे मागून घ्या. हातात घंटी देतात, घाबरायला झालं तर ती दाबा.

पैशाचं

कर्ज काढण्याआधी डॉक्टरांना एकच विचारा : ‘या तपासणीने माझ्या उपचारात काय बदलणार?’ हा उद्धटपणा नाही, तुमचा हक्क आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मंजूर उपचारासाठी भरती झालात, तर त्या उपचाराला लागणाऱ्या तपासण्या पॅकेजमध्ये धरतात. रेशनकार्ड, आधार घेऊन आधी आरोग्यमित्राला भेटा किंवा १५५३८८ वर विचारा. फिल्म आणि रिपोर्ट जपून ठेवा, म्हणजे दुसऱ्या डॉक्टरकडे पुन्हा खर्च होणार नाही.

हे पान घरात मोठ्याने वाचा, विशेषतः जो नेहमी पेशंटबरोबर जातो त्याला ऐकवा.