विश्लेषण : मेमरी कार्ड कॅमेऱ्यात बसते, मग चालत का नाही? कार्ड आणि कार्ड रीडर घेताना काय पाहाल?

घरात लग्नकार्य असते म्हणून कपाटातला जुना डिजिटल कॅमेरा बाहेर निघतो. त्यात नवे कोरे १२८ जीबीचे मेमरी कार्ड घातले जाते आणि पडद्यावर 'कार्ड एरर' असा संदेश येतो. कार्ड खराब नसते आणि कॅमेराही बिघडलेला नसतो, फक्त दोघांचे जुळत नाही. कधी कॅमेऱ्यात फोटो व्यवस्थित निघतात, पण कार्ड रीडर कार्ड ओळखत नाही. अशा वेळी संगणक 'कार्ड फॉरमॅट करायचे का?' असे विचारतो. घाईत 'हो' दाबले, तर सगळे फोटो जाऊ शकतात. हे टाळायचे, तर कार्डावरची दोन-चार चिन्हे वाचता यायला हवीत.

दिसायला सारखी, मग वेगळी कशी?

बहुतेक कॅमेऱ्यांत वापरले जाणारे टपाल तिकिटाएवढे कार्ड म्हणजे एसडी कार्ड. मात्सुशिता (आताची पॅनासॉनिक), सॅनडिस्क आणि तोशिबा या कंपन्यांनी ते १९९९ मध्ये आणले. कार्डाचा आकार तेव्हापासून तोच आहे, पण आतली रचना बदलत गेली. साधे एसडी कार्ड २ जीबीपर्यंतचे असते. २००६ मध्ये आलेले एसडीएचसी ३२ जीबीपर्यंत जाते आणि २००९ मध्ये आलेल्या एसडीएक्ससीची मर्यादा २ टीबी आहे. प्रत्येक प्रकारात फाइल साठवण्याची पद्धत निराळी असते.

नियम सोपा आहे : नवे यंत्र जुने कार्ड वाचते, पण जुने यंत्र नवे कार्ड वाचेलच असे नाही. कॅमेऱ्यावर फक्त 'एसडीएचसी' लिहिलेले असेल, तर ३२ जीबी किंवा त्याहून कमी क्षमतेचे कार्ड घ्यावे. हाच नियम कार्ड रीडरलाही लागू होतो.

कार्डावरचा कोणता आकडा कामाचा?

सर्वांत मोठ्या अक्षरात छापलेला वेग, उदाहरणार्थ १७० मेगाबाइट प्रति सेकंद, हा बहुधा कार्डावरची माहिती वाचण्याचा कमाल वेग असतो. व्हिडिओ काढताना मात्र कार्डावर लिहिण्याचा वेग लागतो आणि तो सतत टिकावा लागतो. त्याची हमी छोट्या चिन्हांत असते. 'व्ही ३०' म्हणजे सेकंदाला किमान ३० मेगाबाइट, 'व्ही ६०' म्हणजे ६०, तर 'व्ही ९०' म्हणजे ९०. इंग्रजी 'यू' अक्षराच्या आत ३ हा आकडा असेल, तर तीही ३० मेगाबाइटचीच हमी असते.

कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेत व्हिडिओचा वेग मेगाबिटमध्ये दिलेला असतो. त्याला ८ ने भागले की मेगाबाइट मिळतात. १०० मेगाबिटच्या फोर-के व्हिडिओला सेकंदाला १२.५ मेगाबाइट लागतात, म्हणजे व्ही ३० कार्ड पुरते. ४०० मेगाबिटला ५० मेगाबाइट लागतात. तिथे व्ही ६० हवे.

महागडे कार्ड घेतले की वेग वाढतो का?

नेहमीच नाही. कार्डावर रोमन आकड्यात एक असेल तर ते यूएचएस-१, दोन असेल तर यूएचएस-२. पहिल्याचा कमाल वेग प्रमाणानुसार १०४, तर दुसऱ्याचा ३१२ मेगाबाइट प्रति सेकंद. यूएचएस-२ कार्डाच्या मागे सोनेरी पट्ट्यांच्या दोन रांगा असतात. कॅमेऱ्यात दुसऱ्या रांगेची सोय नसेल तर कार्ड चालते, पण यूएचएस-१ च्याच वेगाने. अशा कॅमेऱ्यात जादा पैसे मोजून फायदा होत नाही.

कार्ड रीडर कोणता घ्यावा?

कार्ड, रीडर, केबल आणि संगणकाचा पोर्ट यांत जो सर्वांत मंद, त्याच्या वेगाने फोटो उतरतात. यूएसबी २.० रीडर प्रत्यक्षात सेकंदाला साधारण ३५ मेगाबाइट देतो. या वेगाने ६४ जीबीचे भरलेले कार्ड रिकामे व्हायला अर्धा तास लागतो. यूएसबी ३.० रीडरवर यूएचएस-१ कार्ड ९० मेगाबाइटने चालले, तर हेच काम १२ मिनिटांत होते.

व्यावसायिक कॅमेऱ्यांतील सीएफएक्सप्रेस कार्डांबाबत जास्त जपावे. त्यातील 'ए' आणि 'बी' प्रकारांचे आकारच वेगळे आहेत. 'बी' प्रकार जुन्या एक्सक्यूडी कार्डासारखाच दिसतो, पण एक्सक्यूडीचा रीडर ते वाचेल याची खात्री नसते.

कार्ड वाचलेच गेले नाही तर?

संगणकाने विचारले तरी फॉरमॅट करू नये. कार्ड पुन्हा कॅमेऱ्यात घालून फोटो दिसतात का, ते पाहावे. दिसत असतील तर कार्ड ठीक आहे, रीडर बदलावा किंवा कॅमेरा केबलने थेट संगणकाला जोडून फोटो उतरवावेत. फोटो दिसत नसतील, तर त्या कार्डावर नवे काहीही साठवू नये. नव्याने साठवलेली माहिती जुन्या फोटोंची जागा घेते आणि मग ते परत मिळवणे अवघड होते.

बाजारात बनावट कार्डेही असतात. वर १२८ जीबी छापलेले, पण आत जागा त्याहून कितीतरी कमी. ती संपल्यावर पुढचे फोटो साठवल्यासारखे दिसतात, पण नंतर उघडत नाहीत. म्हणून नवे कार्ड कार्यक्रमाच्या काही दिवस आधीच घ्यावे, कॅमेऱ्यात फॉरमॅट करावे, व्हिडिओ काढून पूर्ण भरावे आणि शेवटची फाइल संगणकावर उघडते का ते तपासावे. कॅमेरा, कार्ड आणि रीडर या तिघांची परीक्षा त्यातच होते.